खालचा सा हलक्या फुंकेला बोलावा म्हणून

क्रोमॅटिक माऊथ ऑर्गनवर यमनचा आलाप घ्यावा आणि खालच्या सा वर येऊन निवांत थांबावं, एवढंच मला हवं होतं. जोर लावला की सा वाजायचा, पण आलापात सा कुणी जोर लावून लावत नाही. फुंक हलकी दिली की आधी नुसती हवा जायची आणि मागून स्वर यायचा, तोही फुसका. खालची तीन भोकं अशीच होती. बटण दाबलं की आत चिकटून बसायचं, आणि सहाव्या भोकातला ओढून वाजणारा म बारीक किरकिरायचा. वाद्य जुनं, दुसऱ्याच्या हातून माझ्याकडे आलेलं. सांगाडा प्लास्टिकचा आणि रीडप्लेट (हवेने थरथरून स्वर देणाऱ्या धातूच्या जिभा, म्हणजे रीड, ज्यांवर असतात ते पत्रे) स्क्रूने बसवलेल्या, म्हणून घरी उघडायचं ठरवलं. पेअरच्या लाकडाचा सांगाडा आणि खिळ्यांनी ठोकलेल्या प्लेट असा जुना होनर असता तर मी तो जाणत्या माणसाकडेच दिला असता. खिळा उपटताना लाकूड चिरू शकतं आणि चिरलेल्या लाकडातून हवा गळायला लागली की ती थांबवणं फार अवघड जातं.

ज्यांनी हे वाद्य आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी रचना थोडी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भोकं १२. प्रत्येक भोकामागे वर एक आणि खाली एक असे दोन कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला दोन रीड: एक फुंकल्यावर वाजणारी, एक ओढल्यावर. म्हणजे एकूण ४८. वरची प्लेट पांढरी एकची (C), खालची काळी एकची (C#). बटण बाहेर असताना स्लाइड, म्हणजे बटणाला जोडलेला भोकांमागचा सरकता पत्रा, वरचे कप्पे उघडे ठेवते, बटण दाबलं की वरचे बंद होऊन खालचे उघडतात. सा, ग, प फुंकून येतात, रे, म, ध, नी ओढून. रे ओढताना बटण दाबलं की कोमल ग, म ला दाबलं की तीव्र म, प ला दाबलं की कोमल ध. यमनमध्ये बटणाचं काम फक्त तीव्र म पुरतं, भैरवीत मात्र चारही कोमल स्वर बटणावरच. त्यामुळे बटण चिकटणाऱ्या वाद्यावर भैरवी वाजवणं म्हणजे शिक्षाच.

एका कप्प्यात दोन रीड असल्याने एक अडचण येते. सा फुंकताना शेजारच्या रे च्या रीडखाली प्लेटमध्ये जी खाच असते तिच्यातून हवा विनाकारण निसटू शकते. ती अडवायला बहुतेक खाचांवर, रीडच्या उलट बाजूला, प्लास्टिकची बारीक पट्टी चिकटवलेली असते. तिला व्हॉल्व्ह किंवा विंडसेव्हर म्हणतात. अगदी वरच्या, आखूड रीडना ती सहसा नसते. हवा एका दिशेने गेली की पट्टी खाचेवर बसते, उलट दिशेने गेली की उचलते. पट्टीला बहुधा दोन थर असतात, खालचा मऊ आणि वरचा जरा ताठ. क्रोमॅटिकच्या निम्म्याहून जास्त तक्रारी या पट्ट्यांपाशी येऊन थांबतात, असं माझं आता मत झालं आहे.

आमच्या नाशकात पेटी दुरुस्त करणारे एक काका आहेत. माऊथ ऑर्गनचं काम ते करत नाहीत, पण रीड ती रीडच, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, दोन-तीन भोकांतून मला सूर काढायला लावले आणि म्हणाले, "ताई, पेटी बोलत नसली की आम्ही आधी भाता बघतो. हवा कुठं जाते ते सापडलं की निम्मं काम झालं. सूर खरवडायचा सगळ्यात शेवटी." पुढचं सगळं काम मी याच क्रमाने केलं. माझ्या वाद्याला भाता नाही, माझी छातीच भाता. तिथून निघालेली हवा रीडपर्यंत पूर्ण पोहोचते की नाही, हा पहिला प्रश्न.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक वही घेतली. ४८ ओळी आखल्या: भोक कितवं, फुंक की ओढ, बटण बाहेर की आत. मग प्रत्येक स्वर शक्य तितक्या हलक्या श्वासाने काढून त्यापुढे "लगेच", "उशिरा", "हवा", "किरकिर" असं लिहीत गेले. वाद्य आधी गरम करून घेतलं होतं. नाशिकच्या थंडीत वाद्याचा धातू गार असतो, श्वासातली वाफ आत गेली की पट्ट्यांवर पाणी धरतं आणि त्या खाचेला चिकटतात. गार वाद्यावर यादी केली तर नसलेले दोषही लिहून होतील. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळायची, त्यावर वाद्य ठेवायचं आणि हाताला कोमट लागलं की वाजवायला घ्यायचं. अनेकांचा पॉप-पॉप असा आवाज एवढ्यानेच बंद होतो.

वही भरल्यावर ती वाचायला शिकावं लागतं. आजारी स्वर जिथे ऐकू येतो तिथे आजार असेलच असं नाही. फुंकलेला सा हवा खात असेल तर संशय आधी रे च्या पट्टीवर घ्यायचा, कारण सा ची हवा रे च्या खाचेतून पळते आहे. ओढायच्या रीडची पट्टी कप्प्याच्या आत असते, प्लेट काढल्याशिवाय ती नीट तपासता येत नाही. उलट ओढलेला रे हवा खात असेल तर सा ची पट्टी बघायची, ती बाहेरच्या बाजूला असते आणि नुसतं कव्हर काढलं की समोर दिसते. भोकातला फुंकेचा आणि ओढीचा असे दोन्ही स्वर कमजोर असतील तर दोष एका रीडचा नसतो, कप्पाच कुठेतरी गळत असतो. माझ्या वहीत पहिल्या तीन भोकांपुढे बटण बाहेर असताना दोन्हीकडे "हवा" लिहिलेलं होतं आणि बटण दाबल्यावर बरंच बरं होतं. म्हणजे गळती वरच्या बाजूची, डावीकडच्या टोकाची.

पहिलं काम स्लाइडचं. माऊथपीसचे दोन स्क्रू काढले, स्प्रिंग उडू नये म्हणून अंगठा धरला आणि एकेक पत्रा ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडला, वरची बाजू वर ठेवून. हे महत्त्वाचं आहे. स्लाइड उलटी बसली तर बटण न दाबताच सगळं वाद्य काळी एकमध्ये वाजतं आणि दाबल्यावर पांढरी एकमध्ये येतं. आयरिश संगीत वाजवणारे काही जण मुद्दाम तसं करतात, आपल्याला नको. पत्र्यांवर वाळलेल्या थुंकीचा पांढरट थर होता. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ टूथब्रश, एवढ्यात सगळा थर निघाला. तेल मी घालत नाही. तेलावर धूळ बसते आणि ती पुढे रीडपर्यंत जाते, शिवाय हे तोंडाला लावायचं वाद्य आहे. स्लाइड पाण्याने ओलसर असली तरी छान सरकते.

माऊथपीसचे स्क्रू किती आवळायचे हे हातालाच कळतं. घट्ट आवळले की स्लाइड अडते, सैल ठेवले की तिच्या दोन्ही बाजूंनी हवा जाते. मी स्क्रू आळीपाळीने थोडा-थोडा फिरवत गेले आणि प्रत्येक वेळी बटण दाबून सोडलं. बटण परत यायला जिथे जराशी खळखळ वाटली तिथून किंचित मागे आले. मग बटण पूर्ण दाबून एक स्वर लांबवला. मागे दुसऱ्या प्लेटचा स्वर पुसट ऐकू आला असता तर स्लाइड पूर्ण जात नाही असं समजलं असतं. तसा ऐकू आला नाही. बटणाचं दुखणं इथेच संपलं, डाव्या टोकाची हवा मात्र तशीच होती.

आता वरची रीडप्लेट काढली. स्क्रू पुठ्ठ्यात, ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवले. सांगाड्याचा वरचा माथा सपाट आहे का हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून पेन्सिलने त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. जाड काचेवर ६०० नंबरचा पाण्याचा काचपेपर चिकटवला आणि सांगाडा त्यावर अगदी हलक्या हाताने फिरवला. उचलून पाहिलं तर मधल्या रेघा पुसल्या गेल्या होत्या, डावीकडच्या तीन कप्प्यांच्या भिंतींवर मात्र पेन्सिल जशीच्या तशी. म्हणजे तो भाग खाली बसलेला होता आणि प्लेट आवळली तरी तिथे टेकत नव्हती. वहीने जे सांगितलं तेच पेन्सिलने दाखवलं, याचा मला विलक्षण आनंद झाला. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या जाईपर्यंत घासलं, त्याहून एक फेरा जास्त नाही. मग सांगाडा धुऊन, कप्प्यांत भुकटी राहिली नाही ना हे टॉर्चने पाहून वाळवला. प्लेट परत बसवताना स्क्रू मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या टोकांकडे आवळत गेले.

इतकं केल्यावर पहिल्या तीन भोकांतले ओढीचे स्वर लगेच बोलायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्यातले फुंकेचेही. राहिला पहिल्यातला सा.

त्याचं कारण आतल्या पट्टीत निघालं, अपेक्षेप्रमाणे रे च्या. प्लेट परत काढून आडवी धरली तर पट्टीचं टोक वर वळलेलं स्पष्ट दिसलं. हलक्या फुंकेला ती खाचेवर बसतच नव्हती. जोराने फुंकलं तरच दाबली जायची आणि सा सुटायचा. माझी सगळी तक्रार त्या दीड-दोन मिलिमीटरच्या वळणात होती. वळलेली पट्टी बोटाने उलटी वाकवून सरळ करता येते, पण जुन्या प्लास्टिकला ते वळण पुन्हा येतं, म्हणून मी बदलली. जुनी पट्टी मुळापासून सोलली आणि वाळलेला डिंक लाकडी टूथपिकने खरवडून काढला. तिथे धातूचं पातं लावायचं नाही, प्लेटवर ओरखडा उठला की नवी पट्टी नीट बसत नाही. नवी पट्टी खाच पूर्ण झाकेल आणि टोकाला थोडी पुढे जाईल इतकी लांब घेतली. चिकटवायला तयार मिळणाऱ्या सुपरग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, तोही फक्त मुळाशी. ग्लू पट्टीखाली पसरला तर तेवढी लांबी आखडते आणि पट्टी उघडायला त्रास देते.

बाकीच्या पट्ट्यांना बदलायची गरज नव्हती, साफ करायची होती. दोन थरांच्या मध्ये ओल सुकून चिकटपणा आला की पट्टी उघडताना टिक असा आवाज करते. पातळ कागदाची चिंचोळी पट्टी किंचित ओली करून आधी व्हॉल्व्हखाली, मग दोन थरांच्या मध्ये सरकवायची, वरून बोट अलगद टेकवायचं आणि कागद ओढून घ्यायचा. कागदावर पिवळट रेघ येते. ती यायची थांबेपर्यंत करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण फरक कानाला लगेच कळतो.

मग गॅप. या वाद्याची बोलण्याची चाल खरी ठरते ती इथे, म्हणून यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला. रीडचं टोक खाचेपासून किती वर उभं आहे, त्यावर तिला सुरू व्हायला किती हवा लागेल हे ठरतं. फट जास्त असेल तर हवा बराच वेळ नुसती वाहत राहते आणि रीड उशिरा हलते. फट फार कमी केली तर अगदी फुंकरीनेही ती बोलते, पण जरा जोर दिला की खाचेवर दबून गप्प होते. मोजमाप म्हणून इतकं लक्षात ठेवलं: वरच्या आखूड रीडना टोकाच्या जाडीइतकी फट, खालच्या लांब रीडना त्याच्या दीडपट ते दुप्पट. पण आकड्यांपेक्षा श्वास जास्त खरं सांगतो. प्रत्येक बदलानंतर वाद्य दोन स्क्रूंवर जुळवायचं, स्वर अगदी शून्यातून सुरू करायचा, मग एकदम ठोस फुंकायचा. दोन्ही वेळा बोलला तर ती फट बरोबर.

पहिल्या सा ची फट उगीचच मोठी होती. रीडप्लेट डोळ्यासमोर आडवी धरली, मागे टेबललॅम्प, आणि टूथपिकने रीड वरून खाचेत किंचित दाबून सोडली. रीड परत आली तेव्हा फट आधीएवढीच. पुन्हा, जरा जास्त. असं करत ती केसभर उतरली. प्रत्येक वेळी नखाने रीड टिचकवायची म्हणजे धातूतला ताण सुटतो आणि ती खरोखर कुठे थांबणार ते कळतं, नाहीतर रात्री बरोबर वाटलेली फट सकाळी बदललेली असते. फटीबरोबर रीडचा आकारही पाहावा लागतो. बाजूने पाहिलं की रीड मुळापासून टोकापर्यंत सरळ, शेवटी जराशी उचललेली हवी. मध्येच पोट आलेलं असेल तर टोकाची फट कितीही नेमकी केली तरी हवा पोटाखालून जाते.

मी खालच्या सहा भोकांतल्या फटी बऱ्याच कमी ठेवल्या. माझं वाजवणं संथ आहे, मला आलाप आणि भावगीतांच्या ओळी आवडतात, आणि स्वर नकळत सुरू व्हावा ही माझी गरज. जॅझ किंवा ठसकेबाज सिनेगाणी वाजवणाऱ्याच्या हातात माझं वाद्य दिलं तर खालचे स्वर त्याच्या फुंकेला गुदमरतील. म्हणून दुसऱ्याने केलेला सेटअप आहे तसा उचलण्यात अर्थ नाही. जॅझ माऊथ ऑर्गनवादक टूट्स थीलमान्स जसा वाजवायचा तसं वाजवायचं असेल तर फटी त्या श्वासाच्या हव्यात.

सहाव्या भोकातला किरकिरा म सोपा निघाला. ओढायची रीड प्लेटच्या बाहेरच्या बाजूला असते, कव्हर काढून उजेडासमोर धरली तर एका कडेला प्रकाशाची बारीक रेघ होती आणि दुसऱ्या कडेला रेघच नव्हती. रीड खाचेच्या भिंतीला घासत होती. मुळाशी, रीडला प्लेटवर धरून ठेवणाऱ्या बारीक खिळीजवळ (रिव्हेट), बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने तिला बाजूला नेलं, इतकं कमी की हललीय असं वाटूही नये. दोन्ही कडांना सारखी रेघ दिसली आणि किरकिर गेली.

सूर लावणं काकांच्या सांगण्याप्रमाणे शेवटी. त्याला तांत्रिक कारणही आहे: फट बदलली की स्वर किंचित सरकतो, त्यामुळे आधी सूर लावला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. बरीच वाद्यं कारखान्यातून A हा स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४४२ च्या आसपास लावून येतात, कारण फुंक वाढली की रीड थोडी उतरते. माझ्या वाद्याचे बरेचसे स्वर आपसांत जुळत होते, म्हणून मी ४४२ तसंच ठेवलं आणि वेगळे पडलेले तेवढेच हाताळले. टोकाशी धातू खरवडला की स्वर चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो. पेटीतही हेच. रीडखाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं) सर्वांत पातळ पातं सरकवलं आणि बारीक कानशीने लांबीच्या दिशेने दोन हलके ओढे दिले. आडवा ओरखडा द्यायचा नाही, विशेषतः मुळाशी, रीड पुढे तिथेच तुटते. खरवडून झालं की लगेच मोजायचं नाही. बोटाची ऊब रीडला लागलेली असते आणि गरम रीड उतरलेली दिसते.

ट्यूनर अ‍ॅपपेक्षा मला कान जास्त उपयोगी पडला, आणि त्याची सोय या वाद्यातच आहे. चौथ्या आणि पाचव्या भोकात फुंकल्यावर एकच सा येतो. दोन्ही भोकं एकदम फुंकायची. दोन सा मध्ये जरा फरक असला तर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, फरक जितका कमी तितकी लाट संथ. माझ्याकडे ती सेकंदाला दोन-तीन वेळा येत होती. पाचव्याच्या टोकाशी हलका ओढा दिला, थांबले, पुन्हा फुंकलं, लाट लांबली. आणखी एक ओढा, आणि आवाज सलग झाला. आठव्या-नवव्या भोकांतही असाच जोड सा आहे. पहिला आणि चौथा सा जुळवताना दुसरं आणि तिसरं भोक जिभेने झाकून दोन्ही सप्तकं एकदम ऐकली. नी ला बटण दाबून येणारा सा आणि ग ला दाबून येणारा म हे मात्र एकदम वाजवता येत नाहीत, ते ट्यूनरवर पाहिले.

खाचेच्या कडा गुळगुळीत हत्याराने घासून ती अरुंद करायची, म्हणजे रीडच्या बाजूंनी हवा कमी जाते, असाही एक उपाय आहे. त्याला एम्बॉसिंग म्हणतात. मी तो केला नाही आणि व्हॉल्व्ह असलेल्या वाद्यावर नवख्याने करू नये असं माझं ठाम मत आहे. कड जराशी आत आली की रीड घासते आणि मग प्रत्येक रीडचा किरकिरा म होतो. सांगाडा सपाट, पट्ट्या साफ, फटी श्वासाला जुळलेल्या असल्या की त्याची उणीव भासत नाही.

आता वाजवायच्या आधी पिशवीवर ऊब देते, चूळ भरते, आणि वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपटून पाणी काढते. लगेच डबीत बंद करत नाही, थोडा वेळ हवेला ठेवते. पावसाळ्यात तर डबी उघडीच असते. वरच्या टोकाला अजून एक काम बाकी आहे: बाराव्या भोकात बटण दाबून ओढलेला शेवटचा स्वर, जो या वाद्यांत सहसा रे लावलेला असतो, तो अजून जास्त श्वास मागतो. तिथे पट्टी नाही, कप्पा गळत नाही आणि फटही नेमकी आहे. रीडच थकली असावी. सुटी रीड बसवायला रिव्हेटचं काम करावं लागतं, ते मी अजून शिकलेले नाही. काकांनी पेटीच्या जुन्या रीडवर सराव करायला बोलावलं आहे.